चार नंबरचा गठ्ठा

मिठबावकर सरांनी कुणाला सरळ ‘हो’ म्हटल्याचं मला आठवत नाही. “सर, जेवलात का?” असं विचारलं तरी चष्म्यावरून दोन क्षण बघायचे आणि म्हणायचे, “का विचारताय?” दिल्लीतल्या मुनिरक्याच्या त्या गल्लीत समोरासमोरच्या बाल्कन्यांतून बायका हात लांबवून एकमेकींना कोथिंबीर देतात, इतकं सगळं जवळजवळ. तिथे तिसऱ्या मजल्यावर सर वीसेक वर्षं राहिले, पण त्यांचं गाव नेमकं कुठलं ते घरमालकाला शेवटपर्यंत कळलं नाही. चौधरीजींनी एकदा मला जिन्यात गाठून हळूच विचारलं होतं, “मैडम, मास्टरजी आदमी तो अच्छे हैं. पर पहले सीआयडी में थे क्या?”

सीआयडीत नव्हते हो. एका सरकारी खात्यात अनुवादक होते. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर कोकणात परत न जाता इथेच राहिले आणि महाराष्ट्रातून यूपीएससी करायला येणाऱ्या आमच्यासारख्यांना इतिहास शिकवू लागले. मी बार्शीहून आले होते. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचले, तिसऱ्यांदा तेवढंही जमलं नाही, आणि मग गुडगावला एका ऑफिसात एचआरला लागले. परीक्षा सुटली, सर काही सुटले नाहीत.

पहिल्या दिवशी मी दार वाजवलं तर साखळी न काढता फटीतून प्रश्न आला, “कुणी पाठवलं?”

“सर, रेहानाने. रेहाना शेख, कोल्हापूरची. ती तुमच्याकडे येते ना.”

“तिला कुणी पाठवलं होतं?”

“ते मला काय माहीत, सर?”

“हं. माहीत नाही म्हणता. बरं. या.”

आत दोन खुर्च्या, एक लोखंडी कॉट आणि भिंतीला लावून उभी केलेली बंद कपाटं. प्रत्येक कपाटाला कुलूप, आणि त्या कुलपाला वरून दोरा बांधलेला. कुणी उघडलं तर कळावं म्हणून. मला बसवलं आणि लगेच विचारलं, “पानिपत का हरलो?” मी कोचिंगच्या पुस्तकातली कारणं घडाघडा म्हणून दाखवली. रसद, थंडी, यात्रेकरूंचं लटांबर, एकाकी पडलेली फौज. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“आणि समुद्रावर कधी हरलो?”

बार्शीत कुठला आलाय समुद्र? आम्हाला उजनीचं धरण म्हणजे समुद्र. सर उठले, मोरीतून पाण्याचा तांब्या आणि स्टीलचे सहा-सात पेले घेऊन आले. टेबलाच्या कडेला तांब्या ठेवला, त्याच्या पायाशी पेले एकमेकांना चिकटवून मांडले आणि त्यांच्याभोवती सुतळी गुंडाळली. मग जरा विचार करून त्यांच्यात एक कान तुटलेला चिनी मातीचा कप घुसवला.

“हा तांब्या म्हणजे विजयदुर्ग. हे आंग्र्यांचं आरमार, बंदरात खेटून उभं, एकमेकांना दोरांनी बांधलेलं. आणि हा कप म्हणजे इंग्रजांचं जहाज. आंग्र्यांनीच पूर्वी पकडून आणलं आणि आपल्यात उभं केलं. इंग्रज समुद्राकडून आले. त्यांचा पेटता गोळा पडला तो नेमका ह्या कपावर.” त्यांनी बोटाने कप आडवा केला. सुतळीबरोबर दोन पेले कलंडले. “इथून आग शेजारी, शेजाऱ्याकडून पलीकडे. ज्या आरमाराला मुंबईचे इंग्रज चळाचळा कापत होते ते एका दिवसात जळून गेलं. आता सांगा, डोंगराच्या बाजूला फौज कुणाची होती?”

“इंग्रजांची?”

“पेशव्यांची!” सरांनी टेबलावर थाप मारली. “आपली! आंग्रे ऐकत नव्हते, भांडत होते, म्हणून पेशव्यांनी इंग्रजाशी हातमिळवणी केली. घरातल्या भांडकुदळ माणसाला धडा शिकवायला शेजारच्या गोडबोल्याला आत घेतला. पाच वर्षांनी पानिपत झालं. भयंकर झालं. पण दहा वर्षांत आपण पुन्हा दिल्लीत होतो. समुद्र मात्र गेला तो गेला. ह्याच मोहिमेतला इंग्रज सरदार पुढच्याच वर्षी पलाशीच्या मैदानावर उभा होता. आणि आपण? आपण अजून पानिपतावर रडतोय.”

“पण सर, तो गोळा नेमका इंग्रजांच्याच जुन्या जहाजावर कसा पडला? चुकून की मुद्दाम?”

त्या दिवशी पहिल्यांदा सरांचा चेहरा उजळला. खुर्ची पुढे ओढून अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “तोच तर प्रश्न आहे. आत कोण होतं?”

हा त्यांचा कायमचा प्रश्न. भारत मॅच हरला, आत कोण होतं? रेहानाच्या दारातली दुधाची पिशवी गेली, आत कोण होतं? माझं एक स्थळ अगदी ठरत आलेलं मोडलं, मी सरांपुढे नाक पुसत बसले होते, तेव्हाही सांत्वन वगैरे काही नाही. चहा पुढे सरकवला आणि म्हणाले, “तुमच्या घरातलं कोण बोललं तिकडे जाऊन?” मी वैतागून म्हटलं, “कुणी नाही हो सर, त्याचंच दुसरीकडे होतं!” ते समजूतदारपणे मान हलवत राहिले. तीन महिन्यांनी कळलं की माझ्या सख्ख्या मावशीने पत्रिकेवरून काहीतरी कळवलं होतं. कपाळ माझं! मी ते सरांना आजतागायत सांगितलं नाही, उगीच त्यांना चेव यायला नको.

टिपणांची झेरॉक्स काढायची तर चार दुकानं. एक पान ह्या दुकानात, पुढचं त्या दुकानात, सलग दोन पानं एका माणसाच्या हाती पडता कामा नयेत. मग आम्ही पोरं दुपारभर जमिनीवर बसून पानं जुळवायचो. एकदा माझ्या संचात आंग्र्यांच्या आरमारामागोमाग थेट कायमधारा पद्धत लागली होती, आणि मी ती तशीच पाठ केली. आम्हा सगळ्यांना ते ‘अहो-जाहो’ करायचे. तू म्हटलं की माणूस सैल होतो, आणि सैल माणूस बाहेर बोलतो, असं त्यांचं म्हणणं. एवढं करून ऐकायला कुणी येणार नव्हतं, कोण विचारत होतं त्या जळलेल्या जहाजांना? पण ते एक पुस्तक लिहीत होते. विजयदुर्गाच्या आगीवर. निवृत्तीनंतरचा प्रत्येक दिवस जुने कागद वाचण्यात आणि लिहिण्यात जात होता, आणि ते पुस्तक कुणीतरी पळवणार याची त्यांना खात्री होती.

कोण पळवणार, तेही ठरलेलं होतं. नाडकर्णी काका.

नाडकर्णी काका म्हणजे आमच्याकडच्या मराठी मंडळाचे चिटणीस. सरांच्याच वयाचे, बुटके, कानटोपीवाले, आवाज मात्र लाउडस्पीकरला लाजवेल असा. दर संक्रांतीला ते कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनापासून काला अंबला बस नेतात. पानिपताच्या स्मारकाला. सकाळी धुक्यात बस निघते, मुरथलला पराठे होतात, आणि मग काका पुढे उभे राहून माईकशिवाय पानिपत सांगतात. सांगता सांगता दरवर्षी त्याच जागी रडतात. आणि मागून दरवर्षी त्याच जागी सरांचा आवाज येतो.

“चुकीच्या मैदानावर रडायला निघालात, नाडकर्णी.”

“तुम्हाला कुणी बोलावलं होतं?”

“मंडळाची बस आहे. तुमच्या तीर्थरूपांची नाही.”

“मग उतरा!”

“उतरतो. आधी सांगा, स्मरणिकेतला आरमाराचा परिच्छेद कुठून उचललात?”

“अहो, तो माझा आहे!”

“तुमच्याकडे समुद्र कुठून येणार? नागपूरचे तुम्ही!”

झालं. काला अंब येईपर्यंत बसमध्ये पानिपत. नवीन आलेल्या पुण्याच्या आयटीवाल्यांना वाटायचं आता हाणामारी होते. आम्ही जुनी मंडळी निवांत तिळगूळ खात असायचो. स्मारकाशी सगळे हात जोडायचे, कुणी चिमूटभर माती कपाळाला लावायचं. सर मात्र स्तंभाकडे पाठ करून, हात मागे बांधून, गर्दीतले चेहरे निरखत उभे राहायचे. कोण आलं, कोण नाही, कोण कुणाशी बोलतंय. परतताना काका त्यांच्यासमोर तिळगुळाचा डबा धरायचे आणि दात ओठ खाऊन म्हणायचे, “घ्या. गोड बोला.” सर एक वडी उचलून, उलटीसुलटी बघून, रुमालात गुंडाळून खिशात टाकायचे. तिथे कधीच खायचे नाहीत. मला वाटतं त्यात काही घातलंय की काय असा त्यांना संशय असावा.

मी गुडगावला आल्यावर एका रविवारी दुपारी सर अचानक माझ्या फ्लॅटवर आले. न कळवता. मेट्रो आणि मग रिक्षा, हातात मेथीच्या दोन जुड्यांची पिशवी. आत आल्यावर आधी स्वयंपाकघर बघितलं, बाल्कनी बघितली, कामवाली कधी येते ते विचारलं. मग मेथी बाजूला केली. खाली पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात शिवलेला गठ्ठा, लाखेने बंद केलेला. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने सहाचा आकडा.

“हा तुमच्याकडे ठेवायचा. फोडायचा नाही. कुणाला सांगायचं नाही. दुसऱ्या कुणाकडे असा आहे का, ते विचारायचं नाही.”

“म्हणजे अजून आहेत, सर? किती?”

“का विचारताय?”

“बरं, नाही विचारत. पण तुमच्याच कपाटात का नको?”

सर माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की एवढं शिकवून ही ढ ती ढच. “जहाजं एकत्र बांधून ठेवायची नसतात,” ते म्हणाले.

खरं सांगते, ते गेल्यावर मी तो गठ्ठा हलवून बघितला, वास घेतला, दिव्यासमोर धरला. हे पुस्तकच आहे ना? की भलतंच काही? म्हाताऱ्याच्या नादाने आपण कशात अडकत तर नाही ना? आठवडाभर माझी झोप उडाली होती. त्यांचा तो रोग मलाही लागला होता, दुसरं काय. शेवटी मी तो हिवाळी रजयांच्या खाली टाकला आणि विसरायचा प्रयत्न केला. विसरले नाही.

पुढे सात-आठ वर्षं गेली. रेहाना बँकेत लागून नोएडाला गेली, तिचं लग्न झालं. सरांच्या वर्गाला पोरं कमी होत गेली. आणि मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी सर पुन्हा माझ्या दारात. ह्या वेळी मेथी नाही. हातातली मेट्रोची पावती चुरगाळत म्हणाले, “माझा गठ्ठा द्या.” मी आणून दिला. त्यांनी लाख तपासली, आकडा तपासला, मान हलवली, परत दिला. तासाभराने खालून पुन्हा बेल. “माझा गठ्ठा द्या.” तिसऱ्यांदा ते दारात आले तेव्हा गठ्ठा माझ्या हातातच होता. त्यांनी मला विचारलं, “शालन, तू दिल्लीत कधी आलीस?” शालन त्यांची बहीण. ती जाऊन तीसेक वर्षं झाली होती.

त्यांच्या पुतण्याला मीच फोन केला. तो रत्नागिरीहून आला, डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले आठवण हळूहळू जाईल, थांबवता येणार नाही. पुतण्या चांगला माणूस. संक्रांतीनंतर सरांना कायमचं घरी घेऊन जातो म्हणाला. आणि मग त्यानेच मला सांगितलं की पुण्याचा एक छोटा प्रकाशक पुस्तक काढायला तयार आहे. सरांनीच कधीतरी त्याला प्रस्तावना पाठवली होती. त्याची एकच अट, पूर्ण हस्तलिखित हातात पाहिजे.

पूर्ण कुठून आणायचं? सरांना विचारलं तर ते म्हणायचे, “यादी डोक्यात आहे. कागदावर यादी करतो तो फसतो.” आणि डोक्यातून ती रोज थोडी थोडी गळत होती. त्यांच्या जन्माचं काम असं दिल्लीभर लोकांच्या रजयांखाली पडून होतं. कुणाच्या, ते सांगू शकणारा एकच माणूस, आणि तो मला शालन म्हणत होता. मला रडू यायचं त्या विचाराने. रागही यायचा. अहो, चार शिष्यांवर तरी विश्वास टाकायचा होता!

मग गेल्या संक्रांतीला मी बेत केला. काला अंबच्या बसमध्ये सर मागच्या जागेवर, शाल पांघरून, खिडकीला डोकं टेकून झोपलेले. मुरथल सोडल्यावर काका पानिपत सुरू करायला उठले तशी मीच उठले.

“काका, एक मिनिट. मला सगळ्यांना एक विचारायचंय. कुणाकडे सरांनी पांढऱ्या कपड्यात शिवलेला गठ्ठा ठेवायला दिलाय?”

कुणी खिडकीबाहेर, कुणी मोबाइलमध्ये. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव, हिला कसं कळलं? मी माझा हात वर केला. “माझ्याकडे आहे. सहा नंबर.” मग रेहानाचा हात हळूच वर गेला. “माझ्याकडे एक नंबर. यार स्मिता, तुझ्याकडेपण? मला म्हणाले होते, फक्त तुमच्यावर भरवसा आहे!” पुढच्या रांगेतले देशपांडे म्हणाले, “अच्छा? मलापण अगदी हेच म्हणाले होते.” मग अजून तीन हात. सहा जण. वर्षानुवर्षं ह्याच बसमध्ये मांडीला मांडी लावून बसलेले सहा जण, आणि एकालाही दुसऱ्याचा पत्ता नाही. हसावं की रडावं कळेना. आकडे जुळवले. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात.

चार नाही.

“चार म्हणजे आगीचं प्रकरण असणार,” रेहाना म्हणाली. “तीनपर्यंत भांडण, पाचपासून पुढे परिणाम. सर असंच शिकवायचे.” म्हणजे पुस्तकाचा जीवच गायब. सगळे एकमेकांकडे बघू लागले. देशपांड्यांना बंगळुरूला बदलून गेलेल्या एकाचा संशय, रेहानाला देशपांड्यांचा. माझं लक्ष काकांकडे गेलं. इतक्या वेळात हा माणूस चकार शब्द बोलला नव्हता. पाठमोरे उभे राहून पाण्याच्या बाटल्या मोजत होते, पुन्हा पुन्हा. मी मनात म्हटलं, सापडला! तेवढ्यात मागून आवाज आला. सर जागे झाले होते.

“नाडकर्णी. चार नंबर कुठाय?”

काका वळले. तोंड लालबुंद. “मला काय माहीत? मी कशाला घेऊ तुमचे कागद?”

“चोर आहात तुम्ही!”

त्या दिवशी काकांनी उलट उत्तर दिलं नाही, आणि पानिपतही सांगितलं नाही. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. माझ्या मनातून तेव्हा ते असे उतरले होते की परतताना मी त्यांचा तिळगूळसुद्धा घेतला नाही. आज ते आठवलं की मान खाली जाते.

सामान बांधायच्या दिवशी मी आणि पुतण्या मुनिरक्याला होतो. सहाही गठ्ठे आले होते, पण दोघे-तिघे मिळून नाही. सरांनी एकेकाला वेगळ्या वेळेला, वेगळ्या मेट्रोने यायला लावलं होतं. दुपारी दार वाजलं. काका. कानटोपी हातात, तीन मजले चढून धाप लागलेली. त्यांनी स्वेटरच्या आतून पांढरा गठ्ठा काढला आणि सरांच्या पुढ्यात कॉटवर ठेवला. लाल पेन्सिलीने चार.

सरांनी गठ्ठ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि उभे राहिले. आनंदाने, हो, आनंदानेच, त्यांचा आवाज कापत होता. “बघा! मी म्हणत होतो ना? वीस वर्षं सांगतोय, चोर हाच! ह्यानेच नेलं होतं!”

मी गठ्ठा उचलला. मागच्या बाजूला धोतराच्या तुकड्यावरच शाईने बारीक अक्षरांत लिहिलं होतं. सरांचंच अक्षर. ‘नाडकर्णी यांजकडे. कारण हे माझ्याशी भांडतात.’ मी तोंड उघडलं. “सर, हे तर तुम्हीच...”

काकांनी माझ्या हातावर हात ठेवून ते अक्षर झाकलं. इतक्या जोरात की बांगडी रुतली. मग सरांकडे बघून म्हणाले, “हो. मीच नेलं होतं. चुकलं माझं.”

“स्मरणिकेत छापलंत?”

“नाही. वाचलंसुद्धा नाही.”

“हं,” सर म्हणाले आणि खाली बसले. फार वर्षांनी कुणीतरी त्यांचं म्हणणं मान्य केलं होतं. मग त्यांनी पुतण्याला सांगितलं, “नाडकर्ण्यांना चहा दे. साखर त्यांना विचारून घाल.”

जिन्यात मी काकांना गाठलं. डोळे पुसत होते. “अहो काका, बसमध्ये तेव्हाच का नाही सांगितलंत? मी तुम्हाला काय काय समजले!”

“त्याने शपथ घातली होती गं. म्हणाला, चारचौघांत मी स्वतः विचारलं तरी कबूल व्हायचं नाही. म्हणाला, आंग्रे भांडायचे म्हणून पेशव्यांनी गोडबोल्याला जवळ केलं. मी ती चूक करणार नाही. तुम्ही तोंडावर भांडता, तेव्हा मुख्य गठ्ठा तुमच्याकडे. नऊ वर्षं माझ्या देव्हाऱ्यामागे होता तो. आणि हा गृहस्थ दर संक्रांतीला मला बसभर चोर म्हणायचा. आधी नाटक असायचं. डोळा मारायचा मला. गेली दोन वर्षं डोळा मारायचं थांबलं.”

मी तिथेच पायरीवर बसले.

सातही गठ्ठ्यांची झेरॉक्स काढायची ठरली. काका आणि मी निघालो, आणि न बोलता दोघेही पहिल्या दुकानाशी थोडी पानं देऊन दुसऱ्या दुकानाकडे वळलो. चार दुकानं झाली. शेवटच्या दुकानात उभ्याउभ्या मी चौथ्या प्रकरणाचं शेवटचं पान वाचलं. इतकी वर्षं ते ज्याला शोधत होते तो घरभेदी कोण, ते मला बघायचं होतं. कुणी नव्हता. सरांनी सगळे कागद तपासून स्वच्छ लिहिलं होतं की फितुरीचा पुरावा नाही. गोळा पडला, वारा होता, जहाजं बांधलेली होती. आणि खाली एवढंच: ‘आत कोण होतं? आत आपण सगळे होतो, एकमेकांवर पहारा देत. समुद्राकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.’ मी ते पान काकांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि दुकानदाराला म्हणाले, “भैया, इसकी एक कॉपी और निकालना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीन स्टेशन. झेरॉक्सचा संच मी आधीच पुण्याला रवाना केला होता. सात मूळ गठ्ठे सात पिशव्यांत, आणि सरांच्या हुकुमाने पुतण्याने ते डब्यात सात ठिकाणी कोंबले होते. तरी सर दारात अस्वस्थ. “सगळी जहाजं एकाच बंदरात,” असं पुटपुटत होते. मी त्यांच्या पाया पडले. “सुखी राहा,” म्हणाले. कुणाला म्हणाले देव जाणे. मग एकदम आत गेले आणि पिशवी घेऊन परत आले. फलाटावरच्या माणसांवरून नजर फिरवली. माझ्यावरून सरळ पुढे गेली ती काकांवर थांबली.

“तुम्ही इथलेच का?”

“हो,” काका म्हणाले. “इथलाच.”

“कुणाशी भांडता का?”

काकांनी कानटोपी काढली. “एकाशी,” ते म्हणाले. “फार वर्षं.”

“मग हे ठेवा.” सरांनी वाकून चार नंबरचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. पण आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “फोडायचं नाही. कुणाला सांगायचं नाही. आणि काही झालं तरी त्या नाडकर्ण्याला कळता कामा नये.”

“नाही कळणार,” काका म्हणाले.

गाडी हलली. सर दारात उभे होते, पुतण्याने त्यांचा दंड धरला होता. ते हात हलवत नव्हते. फलाट मागे जाईपर्यंत काकांवर नजर ठेवून होते.

काकांनी गठ्ठा स्वेटरच्या आत सारला, वरून मफलर घेतला. जिना चढताना त्यांना दम लागला म्हणून मी हात पुढे केला. “द्या काका, मी धरते.”

ते जागच्या जागी थांबले. ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाले, “का? तुला कशाला हवाय?”